बाईकमागची ट्रॉली शेपूट हलवते, टो-बारचे बोल्ट परत परत सैल होतात? पाना उचलण्याआधी हे बघा

दापोली-हर्णै रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड ही रोजची कामं. बाईकला टो-बार (ट्रॉली ओढायला गाडीच्या मागे बसवायचा लोखंडी सांगाडा) आणि मागे दोन चाकांची ट्रॉली हे काम मात्र हंगामाचं, आणि तक्रारही हंगामाचीच. मार्च-एप्रिलात आंब्याचे क्रेट ओढणारे येतात. ऑगस्टमध्ये मासळीवाले येतात, कारण 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, आणि तेवढे दोन महिने ट्रॉली पडवीत नाहीतर माडाखाली गंजत पडलेली. दोघांचंही म्हणणं एकच: "दादा, बोल्ट टिकतच नाय. परवा आवळला, आज परत सैल."

बोल्ट आवळून द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस परत दारात उभा असतो. बोल्ट उगाच सैल होत नाही. ट्रॉली चुकीची भरलेली असते, हवा कमी असते, जोड आखडलेला असतो, आणि त्या सगळ्याचा मार शेवटी बोल्टवर येतो. म्हणून मी हल्ली पाना हातात घेण्याआधी "काल काय भरलं होतं आणि कुठं ठेवलं होतं?" हे विचारतो.

कायद्याचं आधीच सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलेलं आहे, आणि कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. बागेतून खळ्यापर्यंत ओढणं वेगळं, डांबरी रस्त्यावर नेणं वेगळं. रस्त्यावर न्यायची असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी काम घेताना हेच सांगतो, काही गिऱ्हाइकं त्यावरूनच परत जातात. जाऊ देत.

काय काय दिसतं

- 35-40 च्या वर वेग गेला की ट्रॉली डावी-उजवी डुलायला लागते आणि थोड्या वेळाने हँडलही तिच्या तालावर हलायला लागतं.
- गाडी उचलताना आणि ब्रेक मारताना मागून "ठक्" असा धक्का बसतो.
- वळणात बाईक झुकायला मागत नाही, कोणीतरी मागून धरून सरळ उभी करतंय असं वाटतं.
- चढणीला पुढचं चाक हलकं लागतं, हँडल तरंगतं.
- बोल्टच्या डोक्याखालून विटकरी रंगाचा ओघळ आलेला असतो.
- वेल्डजवळ रंगात केसाएवढी रेघ दिसते.
- ट्रॉलीचा दिवा ब्रेक मारला की मंद होतो, नाहीतर इंडिकेटरची लय बिघडते.

यातली वेल्डजवळची रेघ दिसली असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा. बाकीच्यांनी क्रमाने जावं. पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही खर्च नाही आणि निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडून तिथूनच घरी जातात.

1. ओझं कुठं आहे

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गाडी मागे जड भरली की उलाळ होते, धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. पुढे फार जड भरली की बैलांच्या मानेला घट्टे पडतात. गाडीवान म्हणून धुरेवर हात ठेवून वजन बघायचा आणि मग दोरी आवळायचा. ट्रॉलीची दांडी म्हणजे धुराच, फक्त बैलाच्या जागी बाईक आहे.

ट्रॉली आणि माल मिळून जे वजन होईल त्याचा साधारण दहावा हिस्सा कपलरवर, म्हणजे बाईकच्या हुकावर बसणाऱ्या दांडीच्या टोकावर, यायला हवा. 35 किलोची ट्रॉली आणि 60 किलोचा माल, म्हणजे एकूण 95. कपलरवर 9-10 किलो बरोबर, 14 पर्यंत चालेल. 5 च्या खाली गेलं की ट्रॉली शेपूट हलवणारच, टो-बार कितीही मजबूत असो.

मोजायला घरातला उभं राहून वजन करायचा काटा पुरतो. बाईक बाजूला काढा. ट्रॉली सपाट जमिनीवर घ्या, चाकांना दगड लावा, काटा विटांवर एवढा उंच ठेवा की त्यावर दांडी टेकवल्यावर कपलर नेमका बाईकच्या हुकाच्या उंचीवर राहील. दांडी वर किंवा खाली असेल तर आकडा खोटा येतो, ही चूक बरेच जण करतात.

आता हे किती नाजूक आहे ते बघा. माझ्या नेहमीच्या ट्रॉलीत कपलरपासून एक्सलपर्यंत 110 सेंटिमीटर अंतर असतं. 60 किलोचा माल फक्त 10 सेंटिमीटर पुढे सरकवला की कपलरवर जवळपास साडेपाच किलो वाढतात, मागे सरकवला की तेवढेच कमी होतात. दहा सेंटिमीटर म्हणजे आडवा धरलेला पंजा. आंब्याचे तीन क्रेट ट्रॉलीच्या मागच्या फळीला टेकवून बांधायचे की पुढच्या, एवढाच प्रश्न असतो. आणि सगळे मागच्या फळीला टेकवतात, कारण उतरवायला सोपं पडतं.

मासळीवाल्यांचं वेगळंच. थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि मासळी भरून निघताना काटा बरोबर दाखवतो, आणि आसूदच्या चढणीला लागेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं. चढणीला ते पाणी पेटीच्या मागच्या टोकाला धावतं, कपलर हलका होतो, आणि नेमकी तिथेच ट्रॉली डुलते. एक गिऱ्हाईक तीन वेळा माझ्याशी भांडून गेलं, "बंदरावर नीट चालते, आसूदला आली की नाचते." पेटीला मागच्या खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचं भोक पाडून नळी काढून दिली, दुखणं संपलं. भोक होतं, पण पेटी उलटी ठेवल्यामुळे ते पुढच्या बाजूला आलेलं.

उलट टोकाला जाऊ नका. हूक मागच्या एक्सलच्या मागे असतो, त्यामुळे त्यावरचं वजन तरफेसारखं पुढचं चाक उचलतं. हूक एक्सलपासून 50 सेंटिमीटर मागे आणि दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटर असेल, तर हुकावरच्या 10 किलोने पुढचं चाक 4 किलोने हलकं होतं. 30 किलो टाकलेत तर 12 ने. चढणीला हँडल तरंगतं ते यामुळे.

एकूण वजनाचा माझा स्वतःचा नियम: माल धरून ट्रॉली बाईकच्या निम्म्याहून जड नको. स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास असते. तिच्यामागे सव्वाशे किलोची ट्रॉली म्हणजे गाडीपेक्षा शेपूट जड. ब्रेक फक्त बाईकला आहेत हे लक्षात घ्या. शंभर सीसीच्या गाडीला टो-बार लावून द्या म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी मी लावत नाही, आणि मागे माणूस बसवून ट्रॉली ओढायची असेल तर कुठल्याच गाडीला नाही.

2. हवा

बाईकच्या मागच्या टायरमध्ये "मागे माणूस बसल्यावर" असा जो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणारा, वर-खाली होणारा स्विंगआर्म) स्टिकरवर असतो, तो भरा. कपलरवरचं वजन म्हणजे मागे बसलेलं पोरच. ट्रॉलीच्या दोन्ही टायरांत सारखी हवा हवी, कमी-जास्त असली की ट्रॉली एका बाजूला ओढते. दोन महिने उभ्या ट्रॉलीच्या टायरात हवा असते असं डोळ्याला वाटतं, गेज लावलं की कळतं.

3. कपलर आणि हूक

ट्रॉली जोडलेली ठेवा, बाईक मेन स्टँडवर. एकाने दांडी दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, मग वर-खाली हलवायची, दुसऱ्याने जोडाजवळ बोट ठेवून बसायचं. आवाज कुठून येतो हे कानाने फसवतं, बोटाने कळतं. हुकाचा गोळा कपलरमध्ये खेळत (सैल हलत) असेल तर कपलरखालचा ॲडजस्टिंग नट थोडा आवळा. एवढ्याने खेळ गेला नाही तर गोळा झिजलेला आहे. 50 मिलिमीटरचा गोळा कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा, एका बाजूला मिलिमीटरभरही कमी भरला तर बदला. पिनेचा हूक असेल तर पिनेचं भोक लंबगोल झालंय का ते बघा.

हा खेळ का वाईट? गाडी उचलली की ट्रॉली मागे राहते, मग झटक्याने ओढली जाते. ब्रेक मारला की ती येऊन आदळते. दिवसातून शंभर वेळा हा हातोडा तुमच्या बोल्टवर बसतो.

इथेच सेफ्टी चेन बघून घ्या. दोन साखळ्या, दांडीखाली एकमेकींना काट मारून, बाईकच्या बाजूला टो-बारच्या ब्रॅकेटला, हुकाला नाही. हूकच तुटला तर हुकाला बांधलेली साखळी कशाला धरणार? लांबी एवढी की पूर्ण वळणात ताणली जाऊ नये आणि रस्त्याला घासू नये.

4. आता बोल्ट

नेलपॉलिश घ्या. कुठलाही रंग चालेल, आमच्या घरातला गुलाबी संपला आहे. बोल्ट आवळल्यावर नटावरून ब्रॅकेटवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा आणि 50 किलोमीटर चालवून बघा. रेघ तुटून सरकली असेल तर नट फिरतोय. रेघ जशीच्या तशी आहे आणि तरी बोल्ट सैल लागतो, तर नट फिरलेलाच नाही, मधलं काहीतरी दबलंय. या दोन आजारांना औषध वेगवेगळं आहे आणि रेघ मारल्याशिवाय फरक कळत नाही.

नट फिरत असेल तर नायलॉक नट बदला. तो एकदाच वापरायचा असतो, उघडून परत लावलेल्या नायलॉकमधलं नायलॉन धरत नाही. आट्यांवर निळं थ्रेडलॉक (आट्या धरून ठेवणारा चिकट द्रव) चालतं. लाल लावू नका, पुढच्या वेळी गॅसने तापवावं लागेल. साध्या स्प्रिंग वायसरवर माझा भरवसा नाही.

मधलं दबतंय, याचं नव्वद टक्के वेळा कारण रंग. हौसेने टो-बारला पावडर कोटिंग करून आणतात, जाड चकचकीत थर असतो. तो थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतो, आणि जेवढा चेपतो तेवढा बोल्टचा ताण जातो. ब्रॅकेट जिथे गाडीला टेकतो तेवढ्या जागेचा रंग दोन्ही बाजूंनी घासून काढा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं हे मलाही माहीत आहे. म्हणून तिथे झिंक प्रायमरचा एक पातळ हात आणि आवळून झाल्यावर बाहेरून कडेने ग्रीस.

आणि स्टीलचे बोल्ट. यात माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी केळशीकडचं एक गिऱ्हाईक बोल्ट गंजतात म्हणून वैतागलेलं. मी म्हटलं, स्टेनलेस टाकून देतो, कटकट नको. चार चकचकीत 10 एमएमचे बोल्ट टाकून दिले. महिन्याभराने त्याचा आसूदच्या उतारावरून फोन: टो-बारची एक बाजू खाली लोंबतेय, ट्रॉली साखळीवर आहे. जाऊन बघितलं. एक बोल्ट गेलेला. दुसरा काढला तर आट्यांच्या सुरुवातीला कमरेत आवळल्यासारखा बारीक झालेला, आणि ब्रॅकेटचं गोल भोक अंड्यासारखं. वर मात्र डोकं तसंच चकचकीत, गंजाचा ठिपका नाही.

नेहमीचा स्टेनलेस बोल्ट असतो ए2-70. तो 450 मेगापास्कलच्या आसपास ताणून कायमचा लांबायला लागतो. डोक्यावर 8.8 कोरलेला साधा बोल्ट 640 पर्यंत टिकतो. दिसायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. तेव्हापासून मी 8.8 च टाकतो, झिंक प्लेटेड, आणि दर हंगामाला नवे. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट ग्रिलला ठीक, टो-बारला नाही.

किती आवळायचा? 10 एमएमचा 8.8 कोरड्या आट्यांवर 45 ते 50 न्यूटन मीटर, 8 एमएमचा साधारण 25. आट्यांना ग्रीस लावून तेवढाच टॉर्क (पिळायचा जोर) दिला तर बोल्टवर ताण बराच जास्त पडतो, म्हणून ग्रीस बाहेरून, आट्यांत नाही. गाडीचा मूळचा बोल्ट असेल, शॉकअपचा किंवा मागच्या एक्सलचा, तर कंपनीच्या मॅन्युअलमधलाच आकडा. पायाने लाथ मारून आवळणाऱ्यांसाठी हा परिच्छेद नाही.

5. टो-बार गाडीला कुठे धरलाय

मागच्या ग्रॅब रेलला, मडगार्डच्या पट्टीला किंवा नंबर प्लेटच्या ब्रॅकेटला धरला असेल तर पुढचं वाचू नका, काढून टाका. ते भाग माणसाच्या हाताला आधार द्यायला असतात, ट्रॉली ओढायला नाहीत.

याहून फसवी चूक अशी: खालचे पाय मागच्या एक्सलला आणि वरचे पाय शॉकअपच्या वरच्या बोल्टला, दोन्हीकडून वेल्ड करून एकच पिंजरा. दिसायला भक्कम दिसतो. दुसरीकडून करून आणलेला असा एक टो-बार माझ्याकडे आला, महिन्यात दोनदा तडकलेला, दोनदा जाड पट्टी मारून जोडलेला. गाडीवर बसलो तर मागची बाजू हललीच नाही. एक्सल चिमट्याबरोबर वर-खाली होतो, शॉकअपचा वरचा बोल्ट फ्रेमला आहे. दोन्ही लोखंडाने जोडले म्हणजे शॉकअपच बांधून टाकला. मग प्रत्येक खड्डा सरळ वेल्डवर. पट्टी जितकी जाड मारत गेले तितकी तड पुढच्या जागी सरकत गेली.

तपासणी एका मिनिटाची: टो-बार लावलेला असताना सीटवर बसून उसळी घ्या. गाडी पूर्वीसारखी खाली बसायला हवी. नाहीतर टो-बार एकतर पूर्ण फ्रेमला घ्या किंवा पूर्ण चिमट्याला. मी फ्रेमला घेतो, मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटपासून आणि शॉकअपच्या वरच्या जागेपासून, कारण चिमट्याला घेतला की चेन ताणताना दर वेळी टो-बारही हलवावा लागतो.

6. वळणात झुकणं

बाईक आणि कारच्या टो-बारमध्ये खरा फरक हा. कार वळणात झुकत नाही. बाईक 30 अंश सहज झुकते, आणि मागची दोन चाकांची ट्रॉली रस्त्याशी सपाट राहते. मधल्या जोडाने हे पिळणं सहन करायला हवं. नुसता गोळा-कपलर ठरावीक अंशापर्यंतच तिरका होतो, मग त्याची कड गोळ्याच्या मानेला टेकते. टेकली की एकतर बाईक झुकत नाही, नाहीतर ट्रॉलीचं बाहेरचं चाक उचलतं, नाहीतर टो-बार पिळला जातो. अंजर्ल्याच्या घाटात ओळीने वळणं आहेत. तिथून रोज जाणाऱ्यांचे वेल्ड आधी तडकतात आणि सपाटीवरच्यांचे टिकतात, ते यामुळेच.

दोघांनी मिळून बघा. ट्रॉली सपाट, जोडलेली, रिकामी. एकाने बाईक धरून हळूहळू झुकवायची, फुटरेस्ट जमिनीपासून चार बोटं राहीपर्यंत, दोन्ही बाजूंना. दुसऱ्याने जोडाकडे बघायचं. मग हँडल पूर्ण वळवून परत तेच. जोड कुठेही अडता कामा नये.

अडत असेल तर दांडीत लांबीच्या दिशेने फिरणारा जोड हवा: एक शाफ्ट, गनमेटलची बुश, मागून सुटू नये म्हणून कॅसल नट आणि कॉटर पिन, वर ग्रीस निप्पल. आधीच असेल आणि तरी अडत असेल तर तो गंजून बसलाय, ऑगस्टमधली ही हमखास गोष्ट. डिझेल सोडून रात्रभर ठेवा, हलवून मोकळा करा, जुनं ग्रीस निघेपर्यंत नवं मारा. नवा बसवायचा असेल तर लेथवाल्याकडेच जा. बुश अंदाजाने ठोकून बसवायची वस्तू नाही.

7. ट्रॉलीची चाकं

कपलरच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या एक्सलच्या टोकापर्यंत टेप लावा, मग उजव्या. दोन्ही मापं सारखी हवीत. पाच मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर एक्सल तिरका आहे आणि ट्रॉली खेकड्यासारखी चालते. मग दोन्ही टायरांवर मध्यभागी खडूने खूण करा, खुणा पुढे असताना आतलं अंतर मोजा, चाकं अर्धी फिरवून खुणा मागे आणून परत मोजा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग. पुळणीवर पाण्याच्या कडेपर्यंत ट्रॉली नेणाऱ्यांनी हे दर महिन्याला बघावं. स्कूटरच्या 10 इंची चाकात खारं पाणी एकदा शिरलं की बेअरिंग वरून ठीक दिसतं आणि आतून वाळूसारखं वाजतं. बाईकच्या मागच्या चाकाची आणि चिमट्याच्या बुशची हीच तपासणी करा, कारण तिथला खेळसुद्धा ट्रॉली डुलल्यासारखाच जाणवतो.

8. दिवे

दिवे मंद होणं, ब्रेक मारला की इंडिकेटर मिणमिणणं, याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग. ट्रॉलीचा अर्थ हुकातून, म्हणजे ग्रीस लावलेल्या हलत्या गोळ्यातून घेतलेला असतो. वेगळी काळी वायर टाका, सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसला तर पिना घासून व्हॅसलिन लावा. बल्ब वाढवले असतील तर करंट बॅटरीतून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेवरून घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची मूळ वायर कापून त्यात ट्रॉलीचे बल्ब जोडू नका, ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

चालवताना डुललीच तर

थ्रॉटल हळू सोडा आणि वेग आपोआप पडू द्या. करकचून ब्रेक मारलात तर ट्रॉली बाईकला बाजूने ढकलते, आणि हँडलशी झोंबलात तर डुलणं वाढतं. उतारावर आधीच खालचा गिअर टाकून ठेवा.

इथे थांबा

टो-बारवरचा वेल्ड तडकलाय का ते घरी बघता येतं. जागा तारेच्या ब्रशने साफ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तड असेल तर आत शिरलेलं तेल पाझरून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. ही रेघ बघितल्यावर ट्रॉली जोडायची नाही, "आजची एक खेप" सुद्धा नाही.

टो-बारचा पाईप तडकला तर वरून वेल्ड मारून भागत नाही. जुना वेल्ड घासून काढून, आत गसेट (कोपऱ्याला आधार देणारी पट्टी) देऊन नव्याने करावा लागतो. पाण्याच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाईपचा टो-बार असेल तर मी तो दुरुस्त करतच नाही. जस्ताच्या थरावर वेल्ड केला की तो सच्छिद्र होतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे मी अनुभवलंय.

खुद्द गाडीच्या फ्रेमवर रेघ दिसली, सीटखालची नळी वाकलेली दिसली किंवा टो-बार बसवायला कोणी फ्रेमला भोक पाडलेलं दिसलं, तर काम माझ्यासारख्या गेट-ग्रिलवाल्याचं राहिलं नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. फ्रेमवर रस्त्याकडेला वेल्डिंग करू देऊ नका. चासी नंबराच्या आसपास ग्राइंडर लागला तर पुढे आरटीओत उत्तरं देत बसाल. गाडीवर कुठेही वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढली का आणि इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सोडवला का, हे समोर उभं राहून बघा. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि महिन्याभरात बेअरिंग वाजायला लागतं.

दाखवायला जाताना ट्रॉली घरी ठेवा. टो-बार काढू नका, बोल्ट आवळू नका, गंजाचा ओघळही पुसू नका. कुठला बोल्ट किती सैल होता आणि नेलपॉलिशची रेघ कुठे तुटली, हे मेस्त्रीला जसंच्या तसं दिसलं पाहिजे.